प्रश्नोत्तरे : बोरगावची मिल आणि सौंसरची शिलाई मशीन

प्रश्न : मी सौंसरला घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मदतीला कोणी नाही. आमच्याच तालुक्यात बोरगावला रेमंडची एवढी मोठी मिल आहे, नागपूरचे मॉल जवळ आहेत आणि आता मोबाइलवर शिवलेला ब्लाउज घरपोच येतो. तरी लगीनसराईत माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. मला कुतूहल आहे, की एवढ्या मोठ्या कंपन्यांना माझं गिऱ्हाईक अजून का नेता आलं नाही? आणि उद्या नेता येईल का?
(एक वाचक भगिनी, सौंसर)

उत्तर : ताई, हाच प्रश्न रोनाल्ड कोस नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १९३७ साली दुसऱ्या टोकाकडून विचारला होता. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. तुम्ही विचारता, मोठ्या कंपन्या असताना एकटी बाई टिकते कशी. त्यानं विचारलं, पैसे टाकले की बाजारात कुठलंही काम करून मिळतं, मग कंपन्या लागतात कशाला?

त्याचं उत्तर साधं होतं. बाहेरून काम करून घ्यायचं म्हणजे माणूस शोधा, भाव ठरवा, काम नीट झालं का बघा, नाही झालं तर भांडा. या सगळ्यात वेळ आणि पैसा जातो. तो खर्च फार होतो तिथं माणसं पगारावर ठेवून एका छपराखाली काम करून घेणं स्वस्त पडतं. पण छपराखालीही खर्च असतोच. देखरेख करणारे, त्यांच्यावर देखरेख करणारे, नोंदी, बैठका आणि खालची गोष्ट वर पोचेपर्यंत झालेल्या चुका. हा आतला खर्च बाहेरच्या खर्चाला गाठतो, तिथं कंपनीचं कुंपण येतं. तुमची खोली त्या कुंपणाच्या बाहेर आहे. या विचारासाठी कोसला नोबेल मिळालं ते १९९१ मध्ये. बोरगावची मिल सुरू झाली तेही त्याच वर्षी.

त्या मिलकडेच बघा. जवळजवळ शंभर एकरांचा पसारा आहे. सूत, रंग आणि वीण एकदा ठरली की हजारावा मीटर पहिल्या मीटरसारखाच निघाला पाहिजे, त्यातच तिचं यश. असं काम कुंपणाच्या आत नीट बसतं. तुमच्याकडं मात्र दुसरा ब्लाउज पहिल्यासारखा शिवला, तर तो दुसऱ्या बाईला होतच नाही. एकीचा उजवा खांदा उतरता असतो. एकीचं बाळंतपणानंतर माप बदललेलं असतं, पण ती जुनंच सांगते आणि तुम्ही टेप लावल्यावर गप्प बसते. आजींचा हात मागं जात नाही म्हणून हूक पुढं लागतात. इथं प्रत्येक नगाला नवा निर्णय घ्यावा लागतो. कंपनीत निर्णय घेणारा माणूस महाग असतो आणि तो गिऱ्हाइकाजवळ नसतो. रेमंड स्वतःही मापानुसार सूट शिवून देते, 'मेड टू मेजर' नावानं. पण त्याचा भाव गावातल्या शिंप्याच्या शिलाईपेक्षा कितीतरी जास्त असतो, कारण तिथं माप घेणारा एक, कापणारा दुसरा, शिवणारा तिसरा आणि तक्रार ऐकणारा चौथा. तुमच्या खोलीत ही चारही माणसं एका खुर्चीवर बसलेली आहेत.

आणखी एक गोष्ट आहे, आणि मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते. तुम्ही शिवणीच्या आत माया, म्हणजे जादा कापड, ठेवता. रेडीमेड ब्लाउज उलटा करून बघा, आत बोटाच्या कांड्याएवढंही कापड नसतं. हा त्यांचा कंजूषपणा नव्हे, हिशेब आहे. एका नगामागं चार बोटं कापड वाचलं तर लाख नगांमागं गाठीच्या गाठी वाचतात. तुमच्याकडं कापड गिऱ्हाइकाचंच असतं, त्यामुळं माया ठेवायला तुम्हाला काही खर्च येत नाही. पण त्या मायेमुळं तोच ब्लाउज दोन वर्षांनी उसवून सैल करता येतो, आणि ते सैल करायला ती बाई पुन्हा तुमच्याच दारात येते.

गंमत म्हणजे मोठ्या कंपन्या तुम्हाला कामही पुरवतात. सुरतेहून निघालेली प्रत्येक साडी फॉल-पिकोशिवाय अपुरी असते. मोबाइलवर मागवलेला कुर्ता बगलेत घट्ट होतो, तो परत पाठवण्यापेक्षा बाई तुमच्याकडून पन्नास-शंभर रुपयांत अल्टर करून घेते. तुमचा धंदाही मुळात एका मोठ्या कंपनीनंच शक्य केला. सिंगर कंपनीनं १८५६ मध्ये शिलाई मशीन हप्त्यावर विकायला सुरुवात केली, तेव्हा कुठं एकट्या माणसाला एवढं महाग यंत्र घरात आणता आलं. यंत्रांविषयी इतकी कठोर भूमिका घेणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये सिंगरच्या मशीनला अपवाद मानलं होतं. हे यंत्र माणसाचं काम हिरावत नाही, त्याचे कष्ट हलके करतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, उद्या काय? इथं मला तुम्हाला खोटा धीर द्यायचा नाही.

आपल्या भागात हे एकदा घडून गेलं आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला त्याच दिवशी भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित केलं, त्यावरून मिलचं नाव पडलं. सौंसर-पांढुर्णा तेव्हा नागपूरच्याच कारभाराखाली होतं आणि १९५६ पर्यंत राजधानी म्हणून आपण नागपूरकडेच बघत होतो. इंग्लंडचं आणि मिलचं कापड गावोगाव आलं, तसं कोष्ट्यांच्या मागावरचं साधं, जाडंभरडं कापड हरलं. स्वस्त आणि सारखं असलेलं काम आधी जातं, हा त्या काळचा पहिला धडा.

पण सगळे माग थांबले नाहीत. जे टिकले त्यांनी एक तर मिलचंच सूत विकत घेतलं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा माल आपला कच्चा माल केला. दुसरं म्हणजे ते काठाकडं वळले. विदर्भातल्या करवत काठीच्या साडीत काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत गुंतवतात. तीन धोटे हातांनी फिरवायचे. मिलच्या सरळ धावणाऱ्या मागाला हे परवडत नव्हतं. मिलची पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. २००२ मध्ये एम्प्रेस मिल कायमची बंद झाली, आणि हातमागाची साडी अजून विणली जाते. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात विणकर आणि त्यांच्या जोडीला काम करणारे मिळून ३५ लाखांहून जास्त लोक मोजले गेले.

हे वाचून लगेच खूश होऊ नका. त्याच गणनेत असंही दिसलं, की दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न पाच हजारांच्या आत आहे. तगून राहणं वेगळं आणि पोट भरणं वेगळं. मिलला पुरून उरलेला विणकर व्यापाऱ्यापुढं हरला, कारण गिऱ्हाईक कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं. साडी कोणी नेसली, किती पैसे दिले, पुन्हा हवी आहे का, हे सगळं मधल्या माणसाच्या वहीत राहिलं. तुमचं बळ नेमकं इथं आहे. तुमचं गिऱ्हाईक तुमच्या दारात चप्पल काढून आत येतं. ही जागा कधी सोडू नका. एखाद्या मोठ्या दुकानदारानं "सगळं शिवण मी देतो, तुम्ही बाहेरचं घेऊ नका" म्हटलं, तर त्या दिवसापासून तुम्ही त्या विणकराच्या जागी गेलात असं समजा.

धोका कुठून येईल, तेही सांगतो. आजवर भारतीय रेडीमेड कपड्यांचे साइज परदेशी मापांवर बेतलेले आहेत, म्हणून ते आपल्या अंगावर नीट बसत नाहीत. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयानं 'निफ्ट' या संस्थेकडून 'इंडियासाइज' नावाची मोजणी हाती घेतली. सहा शहरांत २५ हजारांहून जास्त माणसांची मापं यंत्रानं घ्यायची अशी ती योजना. त्या सहांत मुंबई आहे, हैदराबाद आहे, शिलाँग आहे. नागपूर नाही, भोपाळ नाही. तरीही भारतीय मापांचा तक्ता आला की रेडीमेड कपडा आजच्यापेक्षा बरा बसेल, आणि रोजच्या वापराचा साधा ब्लाउज तुमच्या हातून हळूहळू जाईल. कोष्ट्यांचं साधं कापड गेलं तसंच. तेव्हा रोजच्या ब्लाउजच्या भावासाठी कंपनीशी भांडत बसू नका. काठ विणायला आत्ताच शिका. नवरीचा ब्लाउज, आरीकाम, नऊवारीवरची खणाची चोळी, आजारपणानंतरचे खास कपडे, जुन्या पैठणीचा किंवा शालूचा नवा उपयोग, यांतलं तुमच्या हाताला काय जमतं ते धरा. आणि ते करताना वही ठेवा. प्रत्येक बाईचं माप, तारीख, काय बदललं, काय आवडलं नाही. दहा वर्षांची अशी वही कुठल्याही कंपनीला पैसे देऊनही मिळत नाही.

भावाबद्दल एक ठाम मत. धुण्याच्या पावडरीचं उदाहरण देऊन "एकटा माणूस स्वस्त विकून कंपनीला हरवतो" असं पुष्कळ जण सांगतात. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये घरी 'निर्मा' पावडर बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली, भाव किलोला साडेतीन रुपयांच्या आसपास, आणि सर्फ त्याच्या कितीतरी पट महाग. निर्मा जिंकली, सर्फवाल्या हिंदुस्थान लिव्हरला स्वस्तातली व्हील काढावी लागली. गोष्ट खरी आहे. पण ती पावडर एका साच्याची होती, आणि जिंकता जिंकता पटेल स्वतःच मोठी कंपनी झाले. तुमचे हात दोनच आहेत. स्वस्त करून तुम्ही जास्त विकू शकत नाही, फक्त जास्त थकू शकता.

हिशेब करून बघा. समजा, अस्तराच्या ब्लाउजचे तुम्ही ३०० रुपये घेता. शिवायला दीड तास लागतो म्हणून दिवसाला पाच होतील असं वाटतं. पण माप, गप्पा, कटिंग, हाताची तुरपाई, हूक आणि "गळा जरा खोल करा ना" यांत दोन-अडीच तास जातात. खरे होतात तीन. ९०० रुपये आले. दोरा, हूक, कॅनव्हास, वीज, मशीनची घसाई आणि खोलीचं भाडं धरून दोनशे वजा करा. उरले ७००, तेही फक्त सीझनमध्ये. आषाढ-श्रावणात याच्या निम्मे धरा. खोली घरची असली तरी भाडं धरायचं. ती खोली दुसऱ्याला दिली असती तर पैसे आले असतेच. तुमचे खरे आकडे घालून हे एकदा कागदावर मांडा. कदाचित त्या कागदावर तुम्हाला दिसेल, की आपल्या वेळेचा पुरता मोबदला न घेताच तुम्ही ब्लाउज शिवून देत होता.

आणि उधारी. कापूस आणि संत्र्याचे पैसे घरात आले की तुमच्याकडं गर्दी होते, हे तुम्हाला कंपनीपेक्षा आधी कळतं. कोणाची बाग विकली गेली आणि कोणाची गळली, हेही कळतं. त्यामुळं पैशासाठी कोणाकरता थांबायचं ते तुम्ही ठरवू शकता. पण शिवलेला कपडा एकदा घरी गेला की उधारी वसूल होणं कठीण, म्हणून निम्मे आगाऊ घ्यायची सवय लावा.

प्रश्न : आमची संत्र्याची बाग आहे. रसाची बाटली काढून मोठ्या कंपन्यांशी एकट्यानं टक्कर देता येईल का?
(एक वाचक, पांढुर्णा)

उत्तर : बाटलीत नाही, आणि याचं कारण तुमच्या फळातच आहे. आपल्या नागपुरी संत्र्याचा रस काढल्यावर काही तासांत कडवट होत जातो, तापवला तर लवकर. फळात असलेलं एक द्रव्य रसातल्या आम्लामुळं बदलतं आणि त्याचं लिमोनिन होतं, ते कडू असतं. फळ सोलून खाताना हे घडायला वेळच मिळत नाही, म्हणून संत्रं गोड लागतं. रसाच्या मोठ्या कारखान्यांना हा कडवटपणा, बिया आणि कमी निघणारा रस नको असतो. त्यांच्याकडं कडवटपणा काढायची यंत्रं आहेत, तुमच्याकडं नाहीत. तेव्हा त्यांच्या खेळात शिरू नका.

पण तेच उलटं करून बघा. काढून लगेच प्यायला दिलेला रस गोड असतो, आणि तो बाटलीतल्या कुठल्याही रसापेक्षा चांगला लागतो. नागपूर-बैतूल महामार्ग पांढुर्ण्यावरून जातो. आंब्या बहाराच्या दिवसांत स्वच्छ पाणी, स्वच्छ ग्लास आणि समोर सोललेलं फळ असलेली एक टपरी बाटलीला सहज हरवते. बाटलीला महिनोन्महिने टिकावं लागतं, तुमच्या ग्लासला पाच मिनिटं. नागपूरची संत्रा बर्फी याच कारणानं तिथल्या मिठाईवाल्यांची ओळख झाली. थोडे दिवस टिकणारा माल ज्याचं दुकान जवळ त्यालाच जमतो. चुरी, म्हणजे मंडीत भाव न मिळणारं बारीक फळ, तुम्ही या कामाला वापरू शकता.

टिकाऊ काही करायचंच असेल तर स्क्वॅश किंवा मार्मालेड करा. स्क्वॅशमध्ये साखर भरपूर असते आणि रस कायद्यानं किमान २५ टक्के लागतो, त्यामुळं कडवटपणा झाकला जातो. मार्मालेडमध्ये तर थोडा कडवटपणा हवाच असतो, आणि फेकून देता ती साल कामी येते. दोन्हींसाठी अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी आधी करा. पहिल्या वर्षी शंभर बाटल्यांच्या पुढं जाऊ नका.

प्रश्न : एका शाळेचे गणवेश शिवून दिले. सहा महिने झाले, पैसे मिळाले नाहीत. एकट्या माणसानं संस्थेशी कसं भांडायचं?
(एक शिंपी, सौंसर)

उत्तर : दादा, इथं कायदा तुमच्या बाजूचा आहे, पण त्यासाठी तुमचं नाव सरकारदरबारी असावं लागतं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीनं. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडं करता येते. शिवणकामाला हे लागू आहे, नुसत्या खरेदी-विक्रीच्या दुकानदारीला नाही. नोंदणी काम घेण्याच्या आधीची असावी, मागाहून केलेल्या नोंदणीवर भांडण कमजोर होतं. तेव्हा या शाळेला आता नम्र पण लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि पुढच्या जूनची ऑर्डर घेण्याआधी नोंदणी करून कामाचा भाव, नग आणि पैशाची तारीख एका कागदावर दोघांच्या सहीनं लिहून ठेवा.

पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम हे १८ व्यवसायांपैकी एक आहे. त्यात पाच टक्के व्याजानं, तारण न ठेवता पहिल्यांदा एक लाखापर्यंत कर्ज आणि हत्यारांसाठी १५ हजारांची मदत मिळते. पांढुर्णा आता वेगळा जिल्हा झाला आहे, त्यामुळं चौकशीला छिंदवाड्याला जाण्याआधी पांढुर्ण्याच्या जिल्हा कार्यालयात विचारा.

वर सांगितलेली उद्योगाची नोंदणी 'उद्यम' पोर्टलवर होते, आधार क्रमांक लागतो आणि शुल्क शून्य आहे. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.